नऊ नंबरची गन

गोडाऊनमधे हँडहेल्ड टर्मिनलला टर्मिनल असं कुणीच म्हणत नाही. बिलावर एचएचटी लिहिलेलं असतं आणि बोलताना सगळे गन म्हणतात. माझी गन कुणी नेली, गन लटकली, गनची बॅटरी उतरली. बारकोड वाचणारा, वायफायवर चालणारा, मोबाईलपेक्षा जाडजूड आणि हातातून पडला तरी सहसा न फुटणारा असा तो डबा, आणि तो सेट करून कामाला लावून देणं हे गेली बरीच वर्षं माझं पोटापाण्याचं काम. आज ज्या गनबद्दल लिहितोय तिचा नंबर नऊ. पाठीवर पांढऱ्या टेपवर मार्करने तो मीच घातला होता.

जागा भिवंडी, माणकोलीपासून आत. भिवंडी म्हटलं की लोकांना पॉवरलूम आठवतात, ते खरंच आहे, पण नाशिक हायवेला लागून जी गावं आहेत तिथे भातशेतांच्या जागी आता मैलोनमैल पत्र्याची छपरं दिसतात. मुंबईत माल शिरला की जकात भरावी लागायची, म्हणून माल वेशीबाहेर उतरवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, त्यातनं ही गोडाऊनं वाढली, मग १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, आणि गोडाऊनं कमी व्हायच्या ऐवजी आणखी मोठी झाली कारण कंपन्यांना आता राज्याराज्यात छोटे डेपो ठेवायची गरज उरली नाही. त्यातल्याच एका गोडाऊनमधे आम्ही मे महिन्यात चौदा गन लावल्या. माल म्हणजे साबण, शॅम्पू, फिनाईल, सरबताच्या बाटल्या. वर तापलेला पत्रा आणि खाली मी, लॅपटॉप एका पॅलेटवर ठेवून.

गन सेट करायची म्हणजे नेमकं काय करायचं हे माझ्या घरच्यांनाही मी कधी नीट सांगितलेलं नाही. बॉक्समधून काढली की आधी चार्ज, मग तारीख-वेळ. तारखेकडे नवीन मुलं हमखास दुर्लक्ष करतात, पण बॅटरी पूर्ण उतरून बरेच दिवस पडून राहिलेली गन कधीकधी घड्याळ विसरते, आणि घड्याळ चुकलं की सर्व्हरचं सर्टिफिकेट तिला खोटं वाटतं, मग लॉगिन होत नाही आणि सगळे तासभर पासवर्ड तपासत बसतात. त्यानंतर वायफाय. मग अॅप. आणि शेवटी स्कॅनर स्वतः, म्हणजे कुठल्या प्रकारचे बारकोड वाचायचे, वाचल्यावर आवाज कसा करायचा, आणि वाचलेला नंबर अॅपला कसा नेऊन द्यायचा.

हे शेवटचं जरा सविस्तर सांगतो कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. बऱ्याच लोकांना वाटतं की बारकोडच्या रेघांमधे वस्तूचं नाव आणि किंमत लिहिलेली असते. नसते. साबणाच्या वडीवर जो तेरा आकडी कोड असतो त्यात फक्त तेवढा नंबरच असतो, नाव-किंमत दुकानाच्या कॉम्प्युटरमधे. सुरुवातीचे ८९० म्हणजे तो नंबर जीएस१ इंडिया या बारकोडचे नंबर देणाऱ्या संस्थेकडून घेतलाय एवढंच, माल भारतात बनलाय असा त्याचा अर्थ होत नाही (व्हॉट्सअॅपवर दर काही महिन्यांनी याचा उलटा मेसेज फिरतो, कृपया पुढे ढकलू नका). आणि शेवटचा तेरावा आकडा हा राखणदार. डावीकडून एकाआड एक आकड्यांची बेरीज करायची, उरलेल्या आकड्यांच्या बेरजेला तीनने गुणायचं, दोन्ही मिळवायचं आणि त्याला पुढच्या दशकापर्यंत न्यायला जे लागेल तो तेरावा आकडा. ८९०१२३४५६७८९ घ्या, २८ अधिक ३४ गुणिले ३ म्हणजे १०२, एकूण १३०, आधीच दशक आहे म्हणून तेरावा आकडा शून्य. गन प्रत्येक स्कॅनला ही बेरीज करते आणि जमली नाही तर गप्प बसते. मला हे अजूनही फार आवडतं, की न जमलेलं काहीही ती पुढे सरकवत नाही.

पण नंबर वाचून झाला की तो अॅपला द्यायचा कसा, तर गन स्वतः कीबोर्ड असल्यासारखं वागते. कुणीतरी भराभर तेरा बटणं दाबावीत तसा तो नंबर स्क्रीनवरच्या चौकोनात टाइप होतो. आणि माणूस टाइप केल्यावर एंटर दाबतो तसं गननेही शेवटी एंटर दाबावं लागतं, नाहीतर नंबर त्या चौकोनात तसाच बसून राहतो, पुढचा चौकोन उघडत नाही. झेब्रा कंपनीच्या गनमधे हे सगळं डेटावेज नावाच्या अॅपमधे असतं. प्रोफाईल, म्हणजे सेटिंगचा संच, उघडायचं, खाली जायचं, बेसिक डेटा फॉरमॅटिंग, त्यात एक ओळ, सेंड एंटर की. त्यापुढे टिक करायची. बस.

एका गनवर सगळं जमलं की प्रोफाईल एक्सपोर्ट करायचं आणि बाकीच्यांवर टाकायचं. वायफाय वगैरेसाठी तर आता सेटिंगचेच बारकोड छापता येतात, कागद टेबलावर ठेवायचा, नवीन गनने ते स्कॅन करायचे आणि ती आपोआप तयार होते. जुन्या काळी, म्हणजे मी शिकत होतो तेव्हा, कंपनीचं जाड पुस्तक यायचं, पानावर दहा-बारा बारकोड शेजारी शेजारी, आणि शेजारचा चुकून वाचला जाऊ नये म्हणून दोन्ही हातांनी बाकीचे झाकायचे आणि मधला एकच उघडा ठेवायचा. मला शिकवणारे काका त्यासाठी एक पुठ्ठा कापून ठेवायचे, मधे खिडकी पाडलेला. तो पुठ्ठा माझ्या बॅगेत अजून आहे.

चौदापैकी बारा गन मे महिन्यात एकदम आल्या, त्या मी तशाच एका झटक्यात केल्या. दोन मागाहून आल्या. नऊ आणि दहा. संध्याकाळ झाली होती, शेवटची शेअर रिक्षा चुकवायची नव्हती, लॅपटॉप बॅगेत गेला होता, म्हणून त्या दोन मी हातानेच केल्या. वायफाय टाकलं, अॅप टाकलं, प्रोफाईल बनवलं, एक बॉक्स स्कॅन करून पाहिला, स्क्रीनवर नंबर आला, म्हटलं चालतंय. दहा नंबरवर टिक केली होती. नऊवर राहिली.

ऑक्टोबरमधे फोन आला तो या कारणाने नव्हताच. तक्रार होती वायफायची. दिवाळीचा माल भरला होता आणि पाचव्या-सहाव्या गल्लीत गन सारखी डिसकनेक्ट होत होती. गोडाऊनचं वायफाय रिकाम्या गोडाऊनमधे मोजून काही उपयोग नसतो हे मला माहीत होतं, पण मे महिन्यात गोडाऊन अर्धंच भरलेलं होतं आणि मोजायला दुसरी वेळ मिळाली नव्हती. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेतं. साबणाच्या, कागदाच्या पेट्यांमधून सिग्नल बऱ्यापैकी निघून जातो, पण शॅम्पू, फिनाईल आणि सरबत म्हणजे शेवटी पाणीच, त्याच्या पेट्या पाच मजले रचल्या की गल्लीच्या मधोमध पाण्याची भिंत उभी केल्यासारखं होतं आणि वर लोखंडी रॅक. मी गन हातात घेऊन गल्लीगल्लीतून चालत गेलो, डॉकपाशी, म्हणजे ट्रक लागतात तिथे, उणे ५० डीबीएमच्या (सिग्नलची ताकद मोजायचं माप, आकडा जितका शून्याजवळ तितका सिग्नल चांगला) आसपास दिसणारा सिग्नल सहाव्या गल्लीच्या टोकाला उणे ८० च्या खाली. आमच्या कामात उणे ७० पर्यंत ठीक धरतात.

त्यात गनची एक खोड असते. ती एकदा ज्या अॅक्सेस पॉइंटला, म्हणजे वायफायच्या डबीला, जोडली त्याला सोडायला तयार नसते, जवळ दुसरा चांगला असला तरी पहिल्यालाच चिकटून राहते. रोमिंगचं सेटिंग जरा आक्रमक करावं लागतं, म्हणजे सिग्नल अमुक इतका खाली आला की सोड आणि दुसरा शोध. आणि अॅक्सेस पॉइंटची चॅनेलं १, ६, ११ अशी आलटून पालटून, शेजारच्या दोघांचं एक नको. एक पॉइंट आम्ही सहाव्या गल्लीच्या तोंडाशी हलवला. शिडी, केबल, दोन माणसं, दीड दिवस.

तो दीड दिवस मी गोडाऊनमधे होतो म्हणून मला ताई दिसल्या.

पिकिंगला, म्हणजे ऑर्डरप्रमाणे रॅकवरून माल काढायला, चार-पाच बायका होत्या, त्यातल्या सगळ्यात नवीन. वय पंचेचाळीसच्या पुढे असेल. त्यांची पद्धत अशी, गन उजव्या हातात, ट्रिगर दाबला, बीप झाला, मग गन थोडी वर घेऊन अंगठा खाली वाकवून एंटर, मग पुन्हा खाली. बाकीच्या बायका ट्रिगर, ट्रिगर, ट्रिगर अशा जात होत्या आणि ताईंचं मधे मधे ते वर घेणं. मी दोन-तीन मिनिटं बघत राहिलो, मला वाटलं नग टाकत असतील. मग जवळ जाऊन गन मागितली. नऊ नंबर. कीपॅडवरची सगळी बटणं नव्यासारखी आणि एंटरवरची अक्षरं पार फिकी पडलेली, बटण तुकतुकीत झालेलं.

मी विचारलं, ताई, दर वेळेला एंटर दाबता?

त्या म्हणाल्या, "हो ना सर, ही गन तशीच आहे. बाकीच्यांना नाही दाबायला लागत. हिला लागतं."

म्हटलं मग कुणाला सांगितलं नाहीत?

"काय सांगायचं सर, सगळ्यांना माहितीये. नऊ नंबर कुणी घेत नाही. मी सगळ्यात शेवटी आले ना कामाला, मला ही राहिली."

त्यांच्या अंगठ्याच्या बुंध्याला झेंडूबाम लावलेला होता, वास येत होता. रात्री दुखतं म्हणाल्या, पण ते पोळ्या लाटून असेल असंही लगेच म्हणाल्या.

मी तिथेच उभ्या उभ्या हिशोब केला. दिवसाला सहाशे स्कॅन धरा, महिन्याचे सव्वीस दिवस, पाच महिने. अठ्ठ्याहत्तर हजार. एक टिक करायला मला चार सेकंद लागली असती. मी ती टिक करून गन परत दिली तेव्हा त्यांनी एक पेटी स्कॅन केली, स्क्रीन आपोआप पुढे गेली, आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. "झालं?" म्हणाल्या. झालं म्हटलं. त्यापुढे मला काही बोलता आलं नाही. माफी मागितली पण ती त्यांना कशाबद्दल ते कळलं नाही बहुतेक, कारण त्यांच्या मते गन खराब होती आणि मी ती दुरुस्त केली होती.

हे सगळं अजून डोक्यातून जात नाही त्याचं कारण हेच आहे. गन खराब नव्हती. सुपरवायझरच्या रिपोर्टमधे नऊ नंबरचा पिकिंग रेट बाकीच्यांपेक्षा कमी दिसत होता आणि तो ताईंच्या नावावर लागत होता, नवीन आहेत, हात बसेल, असं सगळे म्हणत होते. माझं राहिलेलं काम पाच महिने त्यांच्या नावावर पडत होतं आणि सर्व्हरच्या लॉगमधे याची कुठेही नोंद नव्हती, कारण सर्व्हरला एंटर गनने दाबलं की अंगठ्याने हे कळतच नाही. मी ऑफिसमधे बसून पाच महिने स्क्रीनवर चौदाच्या चौदा गन हिरव्या, म्हणजे ठीकठाक, बघत होतो.

तेव्हा मला त्या माणसाची आठवण झाली ज्याच्यापासून बारकोडचं हे सगळं सुरू झालं. नॉर्मन जोसेफ वुडलँड. १९४९ च्या सुमारास मायामीच्या किनाऱ्यावर वाळूत बसला होता, स्काऊटमधे शिकलेला मोर्स कोड डोक्यात होता, त्याने वाळूत टिंब आणि रेघ काढली आणि मग सहज बोटं खाली ओढली, टिंबांच्या बारीक रेघा झाल्या आणि रेघांच्या जाड रेघा. १९५२ मधे त्याला आणि बर्नार्ड सिल्व्हरला पेटंट मिळालं. पहिला खरा स्कॅन व्हायला मात्र २६ जून १९७४ उजाडावा लागला, ओहायोमधल्या ट्रॉय गावच्या सुपरमार्केटमधे च्युइंगगमचं पाकीट, ६७ सेंट. इंजिनिअर लोक ही गोष्ट सांगताना कल्पना किती भारी होती ते सांगतात. मला त्यात आता ती बोटंच दिसतात, वाळूत ओढलेली. सुरुवात हातापासून झाली आणि अजूनही प्रत्येक स्कॅनच्या एका टोकाला हात आहेच.

टिक केल्यावर गोष्ट संपली असं मला वाटलं होतं, तसं झालं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सुपरवायझर दादा आले, म्हणाले नऊ नंबर आता जास्तच चुका करतेय. जाऊन पाहिलं तर गन आपलं एंटर दाबत होती आणि ताईंचा अंगठाही आपलं. दोन एंटर. पहिल्याने नंबर जायचा, पुढे नगाचा चौकोन उघडायचा आणि दुसऱ्याने तो रिकामाच सबमिट व्हायचा, मग लाल पट्टी आणि इंग्रजीत एरर. ताई घाबरल्या होत्या. सर ते आधीचंच करून द्या, म्हणाल्या, मला सवय झालीये.

मी ते केलं नाही. अॅपवाल्या मुलाला फोन लावला आणि रिकामा एंटर आला तर काहीच करू नको, गप्प रहा, एवढं सांगितलं. तो म्हणाला, त्यांना एंटर दाबू नका म्हणून सांगा ना, ट्रेनिंग इश्यू आहे. हा शब्द मी पण वापरत आलोय, आणि त्या दिवशी फोनवर ऐकताना मला तो फार कडू लागला. मी त्याला अठ्ठ्याहत्तर हजारचा आकडा सांगितला. त्याने तासाभरात बदल करून दिला, चांगला मुलगा आहे.

मग तिथे आहेच तर म्हणून मी बाकी सगळंही नव्याने पाहिलं, या वेळी लॅपटॉपमधून नाही, ताईंच्या मागे मागे चालत. केवढ्या तरी गोष्टी सापडल्या. बीपचंच घ्या. गनचा बीप म्हणजे बारकोड वाचला गेला एवढंच, सर्व्हरने तो मान्य केला की नाही ते अजून ठरायचं असतं, पण ऐकणाऱ्याला बीप म्हणजे झालं असंच वाटतं आणि तो पुढच्या पेटीकडे वळतो, मागे स्क्रीन लाल होते ती कुणी बघत नाही. म्हणून स्कॅनरचा बीप अगदी हळू केला आणि अॅपचा वेगळा आवाज ठेवला, बरोबरला एक आणि चुकीला जाड दोनदा, शिवाय चुकीला व्हायब्रेशन, कारण डॉकपाशी ट्रक चालू असला की आवाज ऐकूच येत नाही.

दुसरं, मोठ्या पेटीवर चार-चार बारकोड असतात, कंपनीचा, बॅचचा, ट्रान्सपोर्टचा, आणि गन रुंद बघते म्हणून जो आधी मिळेल तो उचलते. ताई डाव्या हाताने बाकीचे झाकून स्कॅन करत होत्या. हुबेहूब त्या काकांच्या पुठ्ठ्यासारखं. पिकलिस्ट मोड म्हणून एक सेटिंग आहे, त्यात लाल ठिपका ज्याच्यावर असेल तोच वाचला जातो. ते चालू केलं आणि ताईंचा डावा हात मोकळा झाला. आणि पेटीवरच्या चौदा आकडी कोडची लांबी पक्की चौदा केली, कारण त्या जातीच्या कोडवरून गन तिरकी गेली तर मधलाच तुकडा पूर्ण कोड समजून वाचला जायची भीती असते, सहा-आठ आकड्यांचा कसलातरी नंबर, आणि त्यात राखणदार आकडाही दर वेळी वाचवेलच असं नाही.

तिसरं, एरर इंग्रजीत होते. इनव्हॅलिड बिन. ताईंना इंग्रजी अक्षरं लावून वाचता येतात पण अर्थ नाही, लाल पट्टी आली की त्या सुपरवायझरला शोधायला जायच्या, जाऊन येऊन पाच मिनिटं. आता तिथे "हा कप्पा चुकीचा आहे, बी-१२ वर जा" असं येतं. अक्षरं दोन पॉइंट मोठी केली. चष्मा घरी विसरल्या तरी दिसतं म्हणाल्या.

यातलं एकही काम अवघड नव्हतं. सगळं मिळून एक दिवस. मे महिन्यातच करता आलं असतं, फक्त त्यासाठी एक अख्खी शिफ्ट कुणाच्या तरी मागे चालावं लागलं असतं, आणि ते कोटेशनमधे कुणी लिहीत नाही. इन्स्टॉलेशन असतं, ट्रेनिंग असतं, एएमसी (वर्षभराच्या देखभालीचा करार) असते. मी आता माझ्या कोटेशनमधे ती ओळ घालतो, एक शिफ्ट निरीक्षण, आणि पर्चेसवाले ती पहिल्यांदा कापतात. मग मी पैसे न लावता ती करतो. धंद्याच्या दृष्टीने बरोबर नाही हे मला कळतं, पण दुसरं मला आता जमत नाही.

डिसेंबरमधे पुन्हा जाणं झालं, एका गनचा ट्रिगर बदलायला. ताई चौथ्या गल्लीत होत्या. क्रेडलमधे, म्हणजे चार्जिंगच्या स्टँडवर, बऱ्याच गन मोकळ्या असताना त्यांच्या हातात नऊ नंबरच होती, पट्ट्याला लाल लोकरीचा गोंडा बांधलेला, दुसऱ्या कुणी उचलू नये म्हणून. ट्रिगर, बीप, पुढची पेटी. अंगठा अजून थोडासा हलत होता, बटणापर्यंत मात्र जात नव्हता.